अपरिमेय संख्या लहान मुलांना कशा समजावाव्यात: कागद, कात्री आणि न संपणारी मोजणी

माझी भाची नऊ वर्षांची असताना मी तिला अपरिमेय संख्या समजावायला बसलो आणि सुरुवातच चुकीची केली. पुस्तकातली व्याख्या जरा सोपी करून सांगितली: "दशांश चिन्हानंतरचे अंक कधी संपतच नाहीत, ती अपरिमेय संख्या." तिनं वहीत एकला तीननं भागलं, ओळ संपेपर्यंत तीन तीन तीन लिहीत गेली आणि म्हणाली, "मामा, मग ही पण अपरिमेय ना?"

नाही. एक तृतीयांश ही अगदी साधी परिमेय संख्या. मी घाईनं दुरुस्ती केली: "अंक संपत नाहीत आणि त्यांचा तोच तोच गट पुन्हा पुन्हा येतही नाही." त्यावर तिचा पुढचा प्रश्न तयार होता. "पण पुढे कधीतरी येणार नाही हे तुला कसं कळलं? तू शेवटपर्यंत गेलास का?"

तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण दशांश अंकांकडे नुसतं बघून ते कुणालाच कळत नाही. तेव्हापासून मी दशांशांपासून सुरुवात करत नाही, मोजण्यापासून करतो. दोन लांब्या घ्यायच्या आणि दोन्हींना पुरेल, कुठेही काही उरणार नाही, असं एकच छोटं माप शोधायचं. असं माप असेल तर त्या दोन लांब्यांचं गुणोत्तर परिमेय. माप कितीही बारीक घेतलं तरी दोन्हींना पुरं पडूच शकत नसेल, तर ते गुणोत्तर अपरिमेय. एवढी एकच गोष्ट मुलाच्या हाताला कळली की दशांश, वर्गमूळ आणि ती मोठी नावं नंतर आपोआप जागेवर बसतात.

बसण्याआधी

आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना हे जमतं. पाढे येत असावेत, भागाकारात बाकी म्हणजे काय ते माहीत असावं आणि अपूर्णांकाची तोंडओळख असावी. वर्गमूळ माहीत नसलं तरी चालतं. सामान म्हणून ए-फोर आकाराचे पाच-सहा कोरे कागद, कात्री, पट्टी, पेन्सिल आणि चौकटींची वही घ्या.

सगळं एका बैठकीत उरकू नका. अर्ध्या तासाच्या चार-पाच बैठका कराव्यात आणि मधे दोन दिवस गेले तरी जाऊ द्यावेत. "अपरिमेय" हा शब्द मात्र पहिल्या तीन-चार बैठकांत उच्चारू नका. नाव आधी कळलं की मुलं नाव पाठ करतात आणि वस्तूकडे बघायचं थांबवतात.

पहिली पायरी: दोघांचं एक माप

कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एक १५ सेंटिमीटरची आणि एक ६ सेंटिमीटरची. आकडे मुलाला सांगू नका आणि मोजपट्टी बाजूला ठेवा. प्रश्न असा: या दोन्ही पट्ट्या नेमक्या मोजता येतील असा एकच तुकडा कोणता?

मूल आधी लहान पट्टीच माप म्हणून वापरून बघेल. मोठीवर ती दोनदा बसते आणि थोडा भाग उरतो. तो उरलेला भाग कापून हातात द्या आणि विचारा, "आता हा तुकडा लहान पट्टीवर बसतो का बघ." तो बरोबर दोनदा बसतो, काही उरत नाही. म्हणजे माप सापडलं. त्या मापानं मोठी पट्टी पाच वेळा भरते आणि लहान दोन वेळा. आता वहीत ५/२ लिहा. अपूर्णांक म्हणजे पोळीचे तुकडे एवढंच ज्यांनी शिकलेलं असतं, त्यांना इथे पहिल्यांदा दिसतं की अपूर्णांक म्हणजे दोन लांब्यांचा एकाच मापातला हिशेब आहे.

आता २१ आणि १३ सेंटिमीटरची जोडी घ्या. ही जोडी मी मुद्दाम निवडली आहे. २१ वर १३ एकदा बसते, ८ उरतात. १३ वर ८ एकदा, उरले ५. मग ३, मग २, मग १. दर वेळी नवा तुकडा एकदाच बसतो आणि काहीतरी उरतंच. मुलं वैतागतात. "हे संपणारच नाही" असं म्हणतात आणि तेवढ्यात एक सेंटिमीटरचा तुकडा दोनच्या तुकड्यावर बरोबर दोनदा बसतो. हा वैताग आणि त्यानंतरची सुटका, दोन्ही पुढे उपयोगी पडतात, म्हणून इथे घाई करू नका. अजून दोन-तीन जोड्या मुलाला स्वतः निवडू द्या. "कितीही वेळ लागला तरी माप शेवटी सापडतंच" असा त्याचा पक्का विश्वास बसला पाहिजे. विश्वासच बसला नसेल तर पुढे तो मोडल्याचं आश्चर्यही वाटणार नाही.

मोठ्यातून लहान काढत जाण्याची ही रीत युक्लिडच्या ग्रंथात आहे, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराची. पुढे मसावि काढायला शाळेत भागाकाराची जी पद्धत शिकवतात, ती हीच. त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात युक्लिड म्हणतो की ही वजाबाकी कधीच संपत नसेल, तर त्या दोन लांब्यांना सामाईक माप नाही. आपण मुलाला नेमकं तिथपर्यंत नेणार आहोत.

दुसरी पायरी: दुप्पट चौरस

चौकटींच्या वहीत एक चौरस काढायला सांगा, मग विचारा, "याच्या बरोबर दुप्पट जागा व्यापणारा चौरस काढ." बहुतेक मुलं बाजू दुप्पट करतात. त्यांना चौकटी मोजू द्या. दोन बाय दोनच्या चौरसात चार चौकटी, चार बाय चारच्या चौरसात सोळा. दुप्पट करायला गेलो आणि चौपट झालं. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका मुलाला हाच प्रश्न विचारतो, आणि तो मुलगाही आधी हेच उत्तर देतो. मुलांना हे आवर्जून सांगा. चोवीसशे वर्षांपूर्वीही कुणीतरी इथेच अडखळलं होतं हे ऐकून चुकल्याचा संकोच जातो.

आता एक चौरस कागद घ्या आणि त्याचे चारही कोपरे मध्यबिंदूपाशी दुमडा. हातात लहान चौरस येईल. तो सगळीकडे दुपदरी आहे, कुठेही एक किंवा तीन पदर नाहीत, हे मुलाला बोटांनी चाचपून बघू द्या. म्हणजे लहान चौरसाची जागा मोठ्याच्या बरोबर निम्मी. कागद उलगडा. लहान चौरसाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधे रेघ ओढा, म्हणजे त्याचा कर्ण काढा. ती रेघ मोठ्या चौरसाच्या बाजूइतकीच लांब आहे.

एवढ्यावरून निघालेलं वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: कर्णावरचा चौरस बाजूवरच्या चौरसाच्या दुप्पट असतो. पायथागोरसचं नाव घ्यायची इथे गरज नाही, घडीनं सिद्ध केलं ते पुरेसं आहे.

तिसरी पायरी: एकानं चुकणारी शिकार

आता बाजू आणि कर्ण यांचं एकच माप शोधायचं. समजा एखाद्या छोट्या मापानं बाजू ५ वेळा भरली. मग बाजूवरच्या चौरसात २५ छोटे चौरस, आणि कर्णावरच्या चौरसात ५० हवेत. कोणत्या संख्येचा वर्ग ५०? सात साते एकोणपन्नास. एकानं हुकलं!

हे "एकानं हुकलं" मुलांना फार आवडतं. त्यांना शोधू द्या. बाजू २ असेल तर ८ हवेत, आणि ३ चा वर्ग ९, एक जास्त. बाजू १२ असेल तर २८८ हवेत, आणि १७ चा वर्ग २८९, पुन्हा एक जास्त. बाजू १० असेल तर २०० हवेत, १४ चा वर्ग १९६, ही जोडी चारनं हुकते. थोडा वेळ चाचपडू दिल्यावर जवळच्या जोड्या बनवायची युक्ती सांगा. बाजू आणि कर्ण यांची बेरीज म्हणजे नवी बाजू. त्या नव्या बाजूत जुनी बाजू मिळवली की नवा कर्ण. २ आणि ३ पासून ५ आणि ७ मिळतात, मग १२ आणि १७, मग २९ आणि ४१, मग ७० आणि ९९. प्रत्येक वेळी पडताळा घेऊ द्या. २९ च्या वर्गाची दुप्पट १६८२, ४१ चा वर्ग १६८१. ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००, ९९ चा वर्ग ९८०१. एकदा एक कमी, एकदा एक जास्त.

७० आणि ९९ ही जोडी कागदावर गोल करून ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

याच साखळीत पुढे ४०८ आणि ५७७ येतात आणि त्यांच्यामागे एक जुनी गोष्ट आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या नियमांच्या प्राचीन ग्रंथात, चौरसाचा कर्ण काढायची रीत दिली आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. बाजू ४०८ धरून मुलाला हे करायला सांगा. तिसरा भाग १३६, त्याचा चौथा भाग ३४, त्याचा चौतिसावा भाग १. आता ४०८ अधिक १३६ अधिक ३४ उणे १, बरोबर ५७७. कॅल्क्युलेटरवर ४०८ च्या वर्गाची दुप्पट आणि ५७७ चा वर्ग करून बघा: एकीकडे ३,३२,९२८ आणि दुसरीकडे ३,३२,९२९. तीन लाखांवर गेलो तरी एकानं हुकलंच. माझी भाची इथे पेन्सिल ठेवून म्हणाली होती, "कुणीतरी मुद्दाम करतंय हे."

या ठिकाणी मुलाला विचारा: आणखी पुढे गेलो तर कधीतरी नेमकं जुळेल का? त्याचं मत वहीत लिहून घ्या. हो म्हणालं तरी बिघडत नाही. आतापर्यंतचा सगळा अनुभव "हो"च सांगतो.

चौथी पायरी: कधीच का जुळणार नाही

वरच्या वर्गात दोनचं वर्गमूळ (बाजू १ असेल तर कर्णाची लांबी) अपरिमेय आहे याची सिद्धता सम-विषम वापरून करतात. ती सुंदर आहे, पण तिला अक्षरं घेऊन केलेलं बीजगणित लागतं. लहान मुलांसाठी मी शेवटच्या अंकांची सिद्धता वापरतो. तिला फक्त पाढे लागतात.

० ते ९ च्या वर्गांचे शेवटचे अंक मुलाला लिहायला सांगा: ०, १, ४, ९, ६, ५, ६, ९, ४, १. मोठ्या संख्येच्या वर्गाचा शेवटचा अंक तिच्या एककावरूनच ठरतो, हे दोन-चार उदाहरणांनी बघून घ्या. म्हणजे कोणताही वर्ग २, ३, ७ किंवा ८ नं संपत नाही. खाली दुसरी ओळ लिहा, वर्गांच्या दुपटीच्या शेवटच्या अंकांची: ०, २, ८, ८, २, ०, २, ८, ८, २. इथे ०, २ आणि ८ शिवाय काही नाही.

आता आपल्याला काय हवं होतं? कर्णाचा वर्ग आणि बाजूच्या वर्गाची दुप्पट अगदी सारखी. सारखी असायची तर शेवटचा अंकही सारखाच हवा. दोन्ही ओळींत असलेला अंक मुलाला शोधू द्या. फक्त शून्य.

म्हणजे कर्णाच्या संख्येच्या शेवटी ० हवा. आणि बाजूच्या शेवटी? दुप्पट करून ० यायला बाजूच्या शेवटी ० किंवा ५ हवा. मग दोन्ही संख्यांना ५ नं भाग जातोच. दोन्हींना भागा. मिळालेली छोटी जोडीही तितकीच अचूक असायला हवी, कारण आपण फक्त माप पाचपट मोठं केलं, लांब्या त्याच राहिल्या. पण छोट्या जोडीलाही तोच नियम लागू, म्हणून तिलाही ५ नं भाग जाणार. मग तिच्याहून छोट्या जोडीला. आणि मग तिच्याहून छोट्या.

इथे थांबा आणि विचारा, "असं किती वेळा करता येईल?" कुणी म्हणालं की माझी बाजू १००० मापांची आहे, तर पाच वेळा भागल्यावर ती एकाच्याही खाली येते. पूर्ण संख्या अशी न थांबता लहान होत राहू शकत नाही. सुरुवात कितीही मोठ्या जोडीनं केली तरी हेच होतं. तेव्हा अशी जोडी नाहीच, दहा अंकी नाही आणि हजार अंकीही नाही.

"तू शेवटपर्यंत गेलास का?" या प्रश्नाला हे खरं उत्तर आहे: शेवटपर्यंत जावं लागत नाही. मला या सगळ्या विषयात हीच जागा सगळ्यात मोलाची वाटते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच कळतं की न संपणाऱ्या शक्यता एकाच युक्तिवादानं तपासता येतात. एका बैठकीत पटलं नाही तर दोन बैठका द्या. "५ नं भाग" हा दुवा बहुधा निसटतो, तो पुन्हा त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

पाचवी पायरी: कागद कापून बघणं

विचारानं जे सिद्ध झालं ते आता हातानं बघायचं. ए-फोर कागदाची आखूड कड लांब कडेवर येईल अशी तिरकी घडी घाला. त्या घडीनं कागदावर एका चौरसाचा कर्ण उमटतो. ती घडी दुसऱ्या ए-फोर कागदाच्या लांब कडेला लावून बघा. दोन्ही अगदी सारख्या! हा कागद मुद्दाम असा बेतलेला असतो. तो मधोमध दुमडला तरी आकाराचं प्रमाण तेच राहावं, एवढी एकच अट घातली तरी बाजूंचं गुणोत्तर दोनचं वर्गमूळच यावं लागतं.

म्हणजे आपली जोडी आता कागदाच्या दोन कडांच्या रूपात समोर आहे: आखूड कड ही बाजू, लांब कड हा कर्ण. पहिल्या पायरीचा खेळ यांच्यावर खेळा. लांब कडेतून आखूड कडेएवढं एकदा जातं, म्हणजे कागदातून एक मोठा चौरस कापून निघतो. एक लांबट पट्टी उरते. तिच्यातून तिच्या रुंदीचे दोन चौरस निघतात आणि पुन्हा एक लहान लांबट पट्टी उरते. तिच्यातून पुन्हा दोन. त्यातून उरलेल्या पट्टीतून पुन्हा दोन.

आता जरा नीट बघा. पहिली उरलेली पट्टी कापण्याआधी तिचा ठसा दुसऱ्या कागदावर पेन्सिलीनं काढून ठेवा आणि त्याचा कर्ण आखा. दुसरी उरलेली पट्टी त्या ठशाच्या कोपऱ्यात, लांब कडेला लांब कड लावून ठेवा. मोठ्या पट्टीचा कर्ण लहान पट्टीच्या समोरच्या कोपऱ्यातून जातो. म्हणजे दोन्हींचा आकार एकच, फक्त एक लहान. मग पुढे काय होणार हे मूल स्वतःच सांगतं: "हिच्यातून पण दोनच निघणार, आणि परत अशीच उरणार." दर वेळी तीच पट्टी लहान होऊन परत येते, म्हणून खेळ संपूच शकत नाही. २१ आणि १३ च्या वेळी सुटका झाली होती, इथे ती नाही.

चौकस मूल मात्र मोजपट्टी काढेल, आणि त्याला अडवू नका. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब आणि २१० मिलिमीटर रुंद असतो. त्यानं वजाबाकी केली तर क्रमानं ८७, ३६, १५, ६, ३ उरतात, आणि ३ चा तुकडा ६ वर बरोबर दोनदा बसतो. खेळ संपला! आता तुम्ही काय सांगाल?

खरं तेच सांगा. कारखान्यात कागद पूर्ण मिलिमीटरांत कापायचा ठरलेला आहे, म्हणून तो खऱ्या कर्णाच्या अगदी जवळ आहे, पण तंतोतंत नाही. २९७ आणि २१० ला ३ नं भागायला सांगा. ९९ आणि ७०. तीच गोल करून ठेवलेली जोडी! एकानं हुकणारी. २१० मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा खरा कर्ण २९७ पेक्षा एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी फरकानं आखूड असतो. डोळ्याला आणि कात्रीला तो दिसणार नाही, विचाराला दिसतो. ही दोन टोकं जुळताना मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो, म्हणून ही जुळणी तुम्ही आधी सांगून टाकू नका.

सहावी पायरी: आता नाव, आणि मग दशांश

आता शब्द सांगा. 'मेय' म्हणजे मोजता येण्याजोगं. पण एक खबरदारी घ्या. "अपरिमेय म्हणजे मोजता न येणारी संख्या" एवढंच म्हटलं तर मुलं समजतात की ही लांबीच कुठेतरी धूसर आहे. कागदावरच्या घडीवर बोट ठेवा. ती लांबी इथेच आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नेमकी. फक्त बाजूचं आणि तिचं एक माप नाही. काही मुलं तिला "अनंत" म्हणतात. तेव्हा विचारा, ती एकपेक्षा मोठी आहे का, दोनपेक्षा लहान आहे का? अंक न संपणं वेगळं आणि संख्या प्रचंड असणं वेगळं.

मग दशांश. बाजू १ असेल तर कर्णाचा वर्ग २ हवा. १.४ चा वर्ग १.९६ आणि १.५ चा २.२५, म्हणजे उत्तर या दोहोंच्या मधे. १.४१ चा वर्ग १.९८८१ आणि १.४२ चा २.०१६४. मुलाला कॅल्क्युलेटर देऊन असं एकेक अंक पुढे सरकू द्या: १.४१४२१३५६ पर्यंत पोचलं की पुरे.

इथे माझ्या भाचीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. एकला सातनं भागायला सांगा, बाकी प्रत्येक पायरीला लिहून. बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशा येतात. सातनं भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य आहेत, म्हणून कधी ना कधी जुनी बाकी परत येणार, आणि ती आली की अंकही परत त्याच क्रमानं फिरणार: ०.१४२८५७ १४२८५७. कोणताही अपूर्णांक घ्या, त्याचे दशांश अंक एक तर संपतात किंवा असे फिरतात. दोनचं वर्गमूळ अपूर्णांकच नाही हे आपण आधी सिद्ध केलं आहे. म्हणून त्याचे अंक संपणार नाहीत आणि फिरणारही नाहीत. शाळेच्या पुस्तकातली व्याख्या इथे शेवटी येते, कारणासकट.

एक गैरसमज उरतो: अंकांत काही नियम दिसला की संख्या परिमेय. ०.१०१००१०००१००००१ असं लिहून दाखवा, दर वेळी एक शून्य वाढवत. नियम तर स्पष्ट आहे, पण एकच गट फिरत नाही. ही अपरिमेय. मुलांना अशा स्वतःच्या अपरिमेय संख्या बनवायला सांगा, पाच मिनिटांत वही भरते. आणि सगळीच वर्गमूळं अपरिमेय नसतात हेही एका ओळीत सांगून ठेवा, नऊचं तीन आहे.

'पाय' बद्दल

परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर 'पाय' मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण ते अपरिमेय का आहे हे मुलांना दाखवता येत नाही. ती सिद्धता लॅम्बर्ट या गणितज्ञानं १७६१ साली दिली आणि ती अवघड आहे. "याचं कारण मोठेपणी कळेल" असं सरळ सांगावं, खोटं सोपं कारण देऊ नये.

पण एक गोष्ट लहानपणीच दुरुस्त करावी. २२/७ म्हणजे 'पाय' नव्हे. २२/७ हे ३.१४२८ च्या पुढे जातं, 'पाय' ३.१४१५ च्या पुढे. व्यास एक मीटर असेल तर २२/७ नं काढलेला परीघ सव्वा मिलिमीटरनं जास्त येतो. आर्यभटानं ४९९ साली २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, म्हणजे ३.१४१६, आणि त्याला 'आसन्न' म्हटलं, जवळचा. मुलांना हा शब्द द्या. ७० आणि ९९ ही आसन्न जोडी, २२ आणि ७ हीसुद्धा.

हुशार मुलं इथे पकडतात: "परीघ भागिले व्यास म्हणजे अपूर्णांकच झाला की!" चांगला प्रश्न आहे. पहिल्या पायरीकडे परत जा. अपूर्णांक व्हायला परीघ आणि व्यास दोन्ही एकाच मापात पूर्ण संख्येत भरले पाहिजेत. व्यास पूर्ण भरला तर परीघ भरत नाही, परीघ भरला तर व्यास भरत नाही.

हिप्पासस नावाच्या पायथागोरसपंथीयानं अपरिमेय संख्या असतात हे गुपित फोडलं म्हणून त्याला समुद्रात बुडवलं, ही गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटेल. ती त्याच्या काळानंतर काही शतकांनी लिहिली गेलेली आहे, तेव्हा सांगायचीच तर आख्यायिका म्हणून सांगा.

ज्याला अजून हवं असेल त्याच्यासाठी

कागदाच्या लांब, सारख्या रुंदीच्या पट्टीला सैल गाठ मारा, हळूहळू ओढून घट्ट करा आणि दाबून सपाट करा. समोर नियमित पंचकोन येतो. तो वहीवर ठेवून त्याचे पाच कोपरे टिंबांनी उतरवा, बाजू काढा, मग सगळे कर्ण काढा. मधे एक तारा तयार होतो आणि ताऱ्याच्या पोटात उलटा, लहान पंचकोन. बाजू आणि कर्ण यांचं माप शोधायला लागलं की ही वजाबाकी त्या लहान पंचकोनाच्या बाजू आणि कर्णावर येऊन पोचते. मग त्याचे कर्ण काढा, आत आणखी लहान पंचकोन. या वजाबाकीत दर वेळी लहान तुकडा मोठ्यात एकदाच बसतो, अगदी २१ आणि १३ च्या पट्ट्यांसारखा, फक्त शेवटचा एक सेंटिमीटर कधी येत नाही. पेन्सिलीचं टोक चांगलं असेल तर वहीच्या पानावर असे तीन-चार पंचकोन एकात एक मावतात.